अस्वल व वनसंचार : सातारा–सांगली प्रदेश

सह्याद्रीच्या जंगलांत आढळणारे भारतीय अस्वल आणि त्या जंगलांत राहणारा, कामासाठी जाणारा किंवा हौसेने भटकणारा मनुष्य यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास, तसेच त्या अनुभवातून सिद्ध झालेले स्वसंरक्षणाचे नियम यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. अस्वलापासून बचाव कसा करावा, यासंबंधीचे पुष्कळसे लोकप्रिय साहित्य उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाच्या अभ्यासावर आधारलेले आहे. भारतीय अस्वलही रंगाने काळेच असल्यामुळे ते नियम आपल्याकडेही लागू पडत असावेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या दोन प्राण्यांच्या हल्ल्यांची कारणे वेगळी असल्याने एकासाठी योग्य असलेला उपाय दुसऱ्याच्या बाबतीत प्राणघातक ठरू शकतो.

प्रदेश : १९४९ पूर्वी तासगाव, खानापूर, वाळवा व शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये हे तालुके व विलीन झालेल्या संस्थानांचा काही मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा बनला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या प्रदेशाचे पूर्व व पश्चिम भाग निसर्गतः अगदी भिन्न आहेत. येरळा व कृष्णा यांच्या खोऱ्यांतील तासगावचा परिसर पर्जन्यछायेत येतो. द्राक्षे व बेदाणे यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या बागायती मुलखात अस्वलाला अनुकूल असे जंगल नाही. तासगावच्या पश्चिमेस असलेले सागरेश्वर अभयारण्य मुख्यतः हरणांसाठी राखलेले आहे. याउलट शिराळा, पाटण व जावळी या तालुक्यांच्या पश्चिम कडेस सह्याद्रीचा माथा असून तेथे पावसाचे प्रमाण हजारो मिलिमीटर असते. दाट सदाहरित व निमसदाहरित वने, जांभ्याचे सडे, खडकांच्या कपारी आणि वारुळे यांमुळे हा पट्टा अस्वलाच्या वस्तीला योग्य ठरला आहे. महाराष्ट्रात अस्वलांची मोठी वस्ती विदर्भात आहे. मेळघाट, ताडोबा, नवेगाव–नागझिरा, गडचिरोलीची जंगले व बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये त्यासाठी प्रसिद्ध आहेत. सह्याद्रीत त्याची संख्या विरळ आहे. विरळ वस्तीमुळे पूर्वेकडील गावांतून डोंगरात जाणाऱ्यांना या प्राण्याची पुरेशी ओळख नसते.

प्राण्याचे स्वरूप : भारतीय अस्वलाचे शास्त्रीय नाव मेलुर्सस अर्सिनस. लांब नखे पाहून इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १७९१ मध्ये त्याचे वर्णन करताना त्याची गणना दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या झाडावर लटकणाऱ्या प्राण्यांत केली. पुढे ही चूक दुरुस्त झाली. तथापि इंग्रजीत त्याला ‘स्लॉथ बेअर’ हेच नाव राहिले. नराचे वजन सर्वसाधारणपणे ८० ते १४० किग्रॅ. असते, मादी त्याहून लहान असते. अंगावर लांब, राठ, काळे केस व छातीवर पांढुरका किंवा पिवळसर पट्टा असतो. वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात नसतात. त्या फटीतून व लांबट ओठांच्या साहाय्याने ते वाळवी व मुंग्या ओढून घेते. हा आवाज शंभर मीटरांपलीकडेही ऐकू येतो. वाळवी, मुंग्या व मध यांखेरीज जांभूळ, बोर, उंबर, करवंद, बहावा यांची फळे आणि जेथे मोह आहे तेथे मोहाची फुले हे त्याचे खाद्य होय.

स्वसंरक्षणाच्या दृष्टीने त्याच्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, त्याचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असले, तरी दृष्टी मंद असते. दुसरी, वारूळ उकरण्यात गुंतले असताना त्याला आजूबाजूचे भान कमी राहते. तिसरी, ते मुख्यतः संध्याकाळपासून सकाळपर्यंत हिंडते आणि दिवसा गुहेत, कपारीत किंवा दाट झुडपात पडून राहते. पिले असलेली मादी मात्र दिवसाही हिंडताना आढळते. चौथी, थंडीच्या सुमारास गुहेत जन्मलेली एक किंवा दोन पिले मादी पुढे कित्येक महिने पाठीवर वाहून नेते व दीड ते अडीच वर्षे सांभाळते. हिमप्रदेशातील अस्वलांप्रमाणे भारतीय अस्वल शीतनिद्रा घेत नाही. त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही ऋतूत त्याची गाठ पडू शकते.

परंपरा : संस्कृत वाङ्‌मयात अस्वलाला ऋक्ष व भल्लूक अशी नावे आहेत. रामायणातील जांबवान हा ऋक्षराज वयोवृद्ध व शहाणा सल्लागार म्हणून रंगविला आहे. स्यमंतक मण्याच्या कथेत तो श्रीकृष्णाशी झुंजतो. मराठी शाळकरी मुलांना अस्वलाची ओळख होते ती मुख्यतः इसापनीतीतील दोन मित्रांच्या गोष्टीतून. तीत एक मित्र झाडावर चढून बचावतो व दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडतो. गोष्टीचा हेतू मैत्रीची पारख हा आहे. परंतु झाडावर चढल्याने अस्वलापासून सुटका होते, ही समजूत तिच्यामुळे रुजली. भारतीय अस्वल मधासाठी झाडावर चढते, त्यामुळे झाड हे सुरक्षित ठिकाण नव्हे.

देशावरील बाजारांत व जत्रांत अस्वल येई ते दरवेशाच्या दोरीला बांधून. लहान मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसविले की त्याची भीती जाते, अस्वलाचा केस ताइतात घातला की बाधा होत नाही, अशा समजुती होत्या. या खेळामागची हकीकत क्रूर होती. पिलू मिळविण्यासाठी बहुधा त्याच्या आईला मारीत. नंतर पिलाचे मुस्कट तापलेल्या सुईने टोचून त्यातून दोरी ओवीत, दात पाडीत व नखे काढीत. अशा रीतीने निःशस्त्र केलेला प्राणी पाहून अस्वल गरीब, मंद व विनोदी असते, असा चुकीचा ग्रह मैदानी मुलखात पसरला. डोंगरातील लोकांचा अनुभव याच्या नेमका उलट होता. सह्याद्रीतील गवळी धनगर व इतर रहिवासी सकाळ-संध्याकाळ एकट्याने झाडीत शिरण्याचे टाळीत, वाटेने बोलत किंवा काठी आपटत जात आणि उकरलेले ताजे वारूळ दिसले की वाट बदलीत. आधुनिक अभ्यासकांनी सुचविलेले बहुतेक नियम या जुन्या वहिवाटीशी जुळतात.

शिकार व कायदा : ब्रिटिश अमदानीत अस्वल हा उपद्रवी प्राणी समजला जाई. वन्य प्राण्यांमुळे झालेल्या मनुष्यहानीच्या सरकारी वार्षिक विवरणांत वाघ, बिबळ्या व लांडगा यांच्याबरोबर अस्वलाचाही स्वतंत्र रकाना असे आणि अशा प्राण्यांना मारणाऱ्यास बक्षिसे दिली जात. तत्कालीन इंग्रजी शिकारसाहित्यात वाघापेक्षाही अस्वलाच्या अनपेक्षित हल्ल्याची धास्ती ठिकठिकाणी व्यक्त झाली आहे. त्या काळी सुरक्षितता म्हणजे हाकारे व बंदूक असेच समीकरण होते. प्राण्याच्या वर्तनाचा पद्धतशीर अभ्यास फार उशिरा सुरू झाला. नेपाळमधील चितवन येथील निरीक्षणांवर आधारलेला एक महत्त्वाचा निबंध १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा झाला व १९७२ मध्ये देशव्यापी वन्य जीव (संरक्षण) अधिनियम आला. या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आता अस्वलाचा समावेश असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. सद्‌भावनेने, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी प्राण्याला मारणे अपरिहार्य झाले, तर तो गुन्हा ठरत नाही, अशीही त्यात तरतूद आहे. १९९० पासून अस्वल व त्याचे अवयव यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी आहे. खेळासाठी अस्वलाचा वापर करण्यास केंद्र सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती वैध ठरविली. दरवेशांना पर्यायी व्यवसाय देऊन त्यांच्याकडील अस्वले ताब्यात घेण्याचे काम पुढे चालू राहिले आणि २००९ च्या अखेरीस ही प्रथा संपुष्टात आल्याचे जाहीर झाले.

सह्याद्रीतील संरक्षित क्षेत्रांत दाजीपूर (राधानगरी) हे १९५८ पासूनचे जुने अभयारण्य होय. १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये घोषित झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला व २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. गाभा व भोवतालचे क्षेत्र धरून त्याचे क्षेत्रफळ सु. १,१६५ चौ. किमी. आहे. यापूर्वी कोयनेच्या शिवसागर व वारणेच्या वसंतसागर जलाशयांमुळे खोऱ्यांतील अनेक गावे उठली होती; अभयारण्यांच्या घोषणेनंतर आणखी काही गावांचे पुनर्वसन झाले. त्यांच्या पडीक शेतांवर गवत व झाडी वाढली आणि वन्य प्राण्यांना निवांत जागा मिळाली. परंतु गावांबरोबर त्या त्या रानाची माहिती असलेली माणसेही खाली गेली. त्यांच्या जागी गिर्यारोहक व पर्यटक येऊ लागले. वासोटा, प्रचितगड यांसारख्या किल्ल्यांच्या वाटा या संरक्षित वनातून जातात. या नव्या वाटसरूला अस्वलाचा माग ओळखता येत नाही आणि त्याला सांगणारे गावही वाटेत उरलेले नाही.

हल्ल्यांचे स्वरूप : भारतीय अस्वल माणसाला भक्ष्य समजून सहसा हल्ला करीत नाही. वाघ-बिबळ्यांच्या सहवासात उत्क्रांत झालेल्या या प्राण्याला पळण्यापेक्षा एकदम चालून जाणे अधिक उपयोगी पडले, असे अभ्यासक मानतात. माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याची चाहूल लागली नाही की ते दचकते व स्वतःच्या किंवा पिलांच्या बचावासाठी झेप घेते. पुष्कळदा ते मागील पायांवर उभे राहून डोके व चेहरा यांवर वार करते. त्यामुळे मृत्यू टळला, तरी डोळे, नाक व जबडा यांना कायमचे व्यंग येते. हल्ला बहुधा थोडा वेळ टिकतो व धोका टळला असे वाटताच अस्वल निघून जाते.

या हल्ल्यांची व्याप्ती आकडेवारीवरून स्पष्ट होते. तत्कालीन मध्य प्रदेशात (छत्तीसगढ धरून) एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांनी ६८७ व्यक्तींना जखमी केले व ४८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. उत्तर बिलासपूर विभागात १९९८ ते २००० या काळात १३७ हल्ले झाले आणि त्यांत ११ मृत्यू झाले. मोह वेचणे, तेंदूपाने तोडणे, सरपण आणणे, गुरे राखणे व पहाटे प्रातर्विधीस जाणे या नित्याच्या कामांत माणसे सापडतात. सह्याद्रीत मोहाची जागा करवंद, जांभूळ व हिरडा घेतात. अस्वल व माणूस यांचे फळांच्या हंगामात एकाच झाडीत येणे हे कारण मात्र दोन्हीकडे समान आहे.

पाश्चात्त्य अनुभव : अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान स्थापन झाल्यानंतर अस्वलांना उष्टे खाताना पाहणे ही पर्यटकांची करमणूक बनली. कचऱ्याच्या ढिगाजवळ प्रेक्षकांसाठी बैठकाही केलेल्या होत्या. माणसाजवळ अन्न मिळते हे एकदा कळले की अस्वल तंबूत व मोटारीत शिरू लागते, हा धडा तेथे अनेक वर्षांनी मिळाला. ऑगस्ट १९६७ मध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी ग्रिझली अस्वलांनी मुक्कामास असलेल्या दोन तरुणींना ठार केले. त्यानंतर कचरा व अन्नसाठा यांविषयी कडक नियम अमलात आले. कॅनडातील शास्त्रज्ञ स्टीफन हेरेरो यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हल्ल्यांच्या कारणांची प्रथमच विस्तृत छाननी केली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९०० ते २००९ या काळात अमेरिका (अलास्कासह) व कॅनडा येथे मुक्त संचारी काळ्या अस्वलांनी ६३ व्यक्तींना ठार केले. यांतील बहुसंख्य घटनांत अस्वलाने माणसाला भक्ष्य समजूनच हल्ला केला होता.

यावरून दोन प्राण्यांतील भेद ध्यानात येतो. अमेरिकन काळे अस्वल स्वभावतः भित्रे असून गाठ पडल्यास बहुधा पळून जाते. क्वचित ते हल्ला करते तेव्हा तो भक्ष्यासाठी असण्याची शक्यता असते. म्हणून हात उंचावून आपण मोठे दिसावे, ओरडावे, प्रतिकार करावा आणि मेल्याचे सोंग मुळीच घेऊ नये, असा सल्ला तेथे दिला जातो. भारतीय अस्वल घाबरल्यामुळे हल्ला करते. अगदी जवळून सामना झाला असता अंगावर धावून जाणे, दगड मारणे किंवा हात उभारणे यांमुळे त्याची भीती वाढते. ग्रिझलीसंबंधी दिला जाणारा निश्चल पडून राहण्याचा सल्ला भारतीय अस्वलाच्या वर्तनाला अधिक जवळचा आहे. तंबूतील अन्नाच्या वासाने येणारे अस्वल हा अमेरिकेतील मोठा प्रश्न आहे. आपल्याकडे तो अजून फारसा उद्‌भवलेला नाही. तथापि छत्तीसगढमधील महासमुंद जिल्ह्यात घुंचापाली येथील चंडीमातेच्या मंदिरात प्रसादासाठी येणारी अस्वले पाहता, ही सवय भारतीय अस्वलालाही लागू शकते, हे उघड आहे.

वनसंचारातील दक्षता : संरक्षित वनात वनविभागाच्या परवानगीने, स्थानिक वाटाड्याबरोबर व ठरलेल्या वाटेनेच जावे. वासोट्यासारख्या ठिकाणी मुक्कामास मनाई आहे; ती पाळण्यात प्रवाशाचेच हित आहे. पहाटे, तिन्हीसांजेस व रात्री पायी हिंडू नये. तीन-चार जणांनी जवळजवळ राहून, मोठ्याने बोलत किंवा काठी आपटत चालावे. काठीला घुंगरू किंवा घंटा बांधल्यास अधिक चांगले. मध्य भारतात अशा घंटीच्या काठ्यांचा वापर सुरू करण्यात आला आहे. वाटेचे वळण, ओढ्याचा खळखळाट, दाट करवंदीची जाळी व वाऱ्याची उलट दिशा या ठिकाणी माणसाची चाहूल अस्वलाला लागत नाही. तेथे आवाज मुद्दाम वाढवावा. कानांत संगीत लावून चालणे धोक्याचे होय.

ताजे उकरलेले वारूळ, फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा, झाडाच्या सालीवरील नखांचे ओरखडे आणि माणसाच्या पावलासारखा पण पुढे नखांच्या खुणा असलेला ठसा ही अस्वलाच्या वावराची चिन्हे आहेत. जवळून फुंकण्या-ओढण्यासारखा आवाज येत असल्यास अस्वल वारुळावर आहे असे समजून, आल्या वाटेने परतावे. गुहा व कपारी यांत डोकावू नये. एकटे दिसणारे पिलू हे आई जवळच असल्याचे चिन्ह समजावे. कुत्रा सोबत नेऊ नये. तो अस्वलाला डिवचतो व घाबरून मालकाकडेच धावत येतो.

परवानगी असलेल्या ठिकाणी मुक्काम करताना पाणवठा, फळांनी लगडलेली झाडे व खडकांचे ढीग यांपासून दूर, मोकळी जागा निवडावी. उघड्यावर झोपू नये. मध, गूळ, फळे व तळलेले पदार्थ झोपण्याच्या जागेजवळ ठेवू नयेत आणि उष्टे व कचरा परत आणावा. रात्री अथवा पहाटे प्रातर्विधीस एकट्याने जाऊ नये. उजेड व सोबत असावी.

अस्वल दूर असून त्याचे लक्ष नसेल, तर गुपचूप मागे फिरावे. त्याने पाहिले असल्यास थांबावे, शांतपणे बोलावे व पाठ न फिरविता हळूहळू मागे सरावे. पळू नये, अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते. ते अंगावर आलेच, तर पालथे पडून चेहरा जमिनीकडे करावा, बोटे एकमेकांत गुंफून हात मानेवर घट्ट धरावेत आणि पाठीवरची पिशवी तशीच राहू द्यावी. ते पूर्ण निघून जाईपर्यंत हालचाल करू नये. सोबत्यांनी पांगून पळण्याऐवजी एकत्र येऊन मोठा आवाज केल्यास अस्वल जखमीला सोडून जाण्याची शक्यता वाढते.

उपचार व भरपाई : जखमेतील रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून थांबवावा. चावा व ओरखडे साबण आणि वाहत्या पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुवावेत. जखम लहान दिसली, तरी धनुर्वात व अलर्क रोग यांवरील प्रतिबंधक उपचार त्वरित घ्यावेत. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक अशा प्रसंगी उपयोगी पडतो. वन्य प्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू, अपंगत्व किंवा दुखापत झाल्यास राज्य शासनाकडून आर्थिक साहाय्य मिळते व त्या प्राण्यांच्या यादीत अस्वलाचा समावेश आहे. त्यासाठी वनविभागास शक्य तितक्या लवकर कळवून पंचनामा करून घेणे आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने भारतीय अस्वल संकटप्रवण जातींत गणले आहे. कर्नाटकात दरोजी येथे १९९४ मध्ये खास अस्वलांसाठी अभयारण्य स्थापन झाले. सह्याद्रीतील विरळ संख्या टिकून राहण्यासाठी केवळ जंगल राखणे पुरेसे नाही. एका हल्ल्यानंतर आसपासच्या गावांत त्या प्राण्याविषयी रोष निर्माण होतो व वणवे, फासे यांना निमित्त मिळते. म्हणून हल्ला टाळण्याचे ज्ञान हे माणसाइतकेच अस्वलाच्याही रक्षणाचे साधन होय. पूर्वी ते डोंगरातील वाडीवस्तीवर घराघरांतून मिळत असे. आता ते शाळा, गिर्यारोहण संस्था व वनविभाग यांच्यामार्फत तासगावसारख्या मैदानी गावांतील तरुणांपर्यंत पोहोचणे आवश्यक झाले आहे.